फितीखालची कोरी जागा

आमची ओळख झाली ती एका इंचावरून.

मी टेबलावर लग्नपत्रिका ठेवली होती. बशीच्या डाव्या कडेला, पाकिटावर थोडी तिरकी. पाणी पिऊन परत आले तर ती इंचभर उजवीकडे सरकलेली. मी ती पुन्हा जागेवर ठेवली. फुलवाल्या बाईंशी दोन शब्द बोलून वळते, तो पुन्हा उजवीकडे.

"कोण हलवतंय हे?" मी विचारलं.

"मी," शिडीवरून आवाज आला. "तिथं खांबाची सावली पडतेय..."

"पडू दे की. सावलीत कागदाचा पोत दिसतो."

"पोत तुम्हाला दिसतो. कॅमेऱ्याला नुसता काळा पट्टा दिसतो."

"मग कॅमेऱ्याला चष्मा लावा."

तो शिडीवरच थांबला. वाकून माझ्याकडे बघायला लागला. दाढी दोन दिवसांची, खिशातून डोकावणारं लेन्स पुसायचं फडकं, आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली. मी हे सगळं एका नजरेत टिपलं, यात काही विशेष नाही. चुका शोधणं हा माझा धंदाच आहे.

"नाडी बांधा आधी," मी म्हटलं. "नाहीतर माझ्या पत्रिकांवर पडाल."

"पडलो तर फोटो कोण काढणार?"

"मी काढीन. सावलीसकट."

त्या दिवशी तिथं लग्न नव्हतं. ते एक जुनं काचघर होतं. पूर्वी तिथं बागेसाठी रोपं वाढवायचे, आता लग्नं लागतात. नव्या माहितीपत्रकासाठी मालकांना फोटो हवे होते, म्हणून आम्हा सगळ्यांना एका दिवसासाठी गोळा केलं होतं. फुलं होती, पांढऱ्या टेबलक्लॉथना कडक इस्त्री होती, चार मजली केक होता (त्याचे खालचे दोन मजले थर्माकोलचे) आणि माझे कागद होते. नवरा-नवरी सोडून लग्नाचं सगळं काही होतं. माझ्या मते लग्न करायची ही सगळ्यात सुटसुटीत पद्धत.

मी मामाच्या छापखान्यात लग्नाचे कागद करते. पत्रिका, पाकिटं, येणार की नाही ते कळवायची उत्तराची कार्डं, टेबलावरच्या नावांच्या पट्ट्या. अक्षरांचे शिशाचे खिळे हातानं जुळवायचे आणि पायानं चालवायच्या जुन्या ट्रेडल यंत्रावर छापायचे. चारशेच्या वर लग्नं माझ्या हाताखालून गेलीत आणि एकाही लग्नात माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं नाही. कागदाचं काम करणाऱ्यानं रडू नये, कागद फुगतो.

मामाचे काही नियम आहेत. त्यातला एक म्हणजे, नमुन्याची पत्रिका असली तरी वार आणि तारीख जुळली पाहिजे. म्हणून काचघराच्या नमुन्यावर मी सहा आठवड्यांनंतरचा खराखुरा रविवार छापला होता. नावांचं मात्र मी माझं ठरवून ठेवलंय. बनावट नावं छापली की ती बनावट दिसतात. म्हणून नमुन्यावर नावांची जागा मी कोरीच ठेवते आणि वरून रुंद रेशमी फीत बांधते. बघणाऱ्याला वाटतं, खाली नावं असणार.

"ही पाकिटं कोरी का?" फोटोग्राफर शिडीवरून खाली आला होता. नाडी बांधलेली नव्हती.

"नमुना आहे. कुणाला पाठवायचीत?"

"पत्ता नसला की, कुणी कुणाला बोलावलंच नाही असं दिसतं हो. पत्ते हवेत. तिकिटंही, खरी."

आता इथं माझी एक अडचण आहे. मी पत्ते ब्रशनं लिहिते, आणि मला मनानं रचलेला पत्ता लिहिता येत नाही. हात अडखळतो, अन् हात अडखळला की शाई चुगली करते. म्हणून असं काही लिहायची वेळ आली की मी तोंडपाठ असलेले पत्ते लिहिते. आत्या, दोन मावश्या, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, दातांचे डॉक्टर, मामाचे कागदवाले मित्र, चुलतभाऊ. सात झाले. आठव्या पाकिटावर ब्रश थांबला.

"माझ्या आईचा घ्या," तो म्हणाला. "तिला पत्रं येतच नाहीत."

तो एकेक ओळ सावकाश सांगत गेला, आणि माझ्या हाताकडे बघत राहिला.

"तुमचा हात जरासुद्धा थरथरत नाही."

"थरथरायला काय झालं?" मी म्हटलं, आणि नेमकी पुढच्याच अक्षराला शाई किंचित पसरली. वर काचेवर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. दमट हवेत कागद शाई पितो. तेवढंच कारण.

मी आठही पाकिटांत पत्रिका घातल्या, उत्तराची कार्डं घातली, लाख लावून ती बंद केली, वर खरी तिकिटं चिकटवली. तोवर उजेड गेला.

"ही उद्या सकाळच्या उन्हात एकदा घेऊ," तो म्हणाला. "राहू द्या खिडकीतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी रिकामी होती. काचघराच्या मॅनेजरबाईंची सुट्टी होती, बाकी कुणाला काही माहीत नव्हतं. झाडलोटीत गेली असतील म्हणून आम्ही हळहळलो आणि बाकीचं काम उरकलं. त्या दिवशी त्याच्या दोन्ही नाड्या बांधलेल्या होत्या. मी मुद्दाम पाहिलं नाही, दिसलं.

नवव्या दिवशी छापखान्यात टपाल आलं. त्यात आमचंच एक उत्तराचं कार्ड होतं, दातांच्या डॉक्टरांचं. 'येणार' वर खूण, शेजारी 'दोघे', आणि खाली बारीक अक्षरात : 'वरच्या डाव्या दाढेचं टाळू नका.'

मी ते उभ्या-उभ्या तीनदा वाचलं. तेवढ्यात फोन वाजला.

"ठमे!" आत्या. ती मला जन्मापासून ठमी म्हणते. "अगं, फीत सोडली तर खाली नावच नाही!"

"आत्या, ते ना..."

"लाजतेस होय? पण पाकिटाच्या मागं पत्ता तुझ्याच छापखान्याचा, वर अक्षर तुझं. मला काय कळत नाही? कोण आहे तो?"

"कुणी नाही गं."

"कुणी नाही म्हणजे? एकटीचंच लग्न काढलंयस?"

मी काचघरात फोन लावला. टापटीप हा तिथल्या मॅनेजरबाईंचा एकमेव छंद.

"विसरून गेला होतात की हो!" त्या म्हणाल्या. "तिकिटं लावलेली, लाख लावलेली... घरी जाता-जाता टाकली मी पेटीत. अन् एक नमुन्याची उघडी पत्रिका टेबलावर होती, तिच्यावरची तारीख बघितली. म्हटलं, मध्येच दुसऱ्या कुणी मागायला नको. रजिस्टरमध्ये लिहून ठेवलीय. जागा तुमचीच!"

त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की मी त्यांचे आभार मानून बसले.

दुपारी फोटोग्राफर आला. दारातच थांबला, मग कागदाच्या गठ्ठ्यावर येऊन बसला.

"आईचा फोन आला होता."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पत्रिका मिळाली. मग रडली. मग म्हणाली, कांदा चिरतेय."

मला हसू येत होतं, पण त्याला येत नव्हतं. मग त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्याचं लग्न मोडलं होतं, अकरा दिवस आधी. मुलीनं नाही म्हटलं. "तिचं बरोबरच होतं," तो सहज म्हणाला, म्हणजे ते वाक्य त्यानं पुष्कळदा म्हटलेलं असणार. "पण पत्रिका गेल्या होत्या ना. आईनं एकेकाला फोन करून सांगितलं. एकशे ऐंशी फोन. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतो. तेव्हापासून मी लोकांच्या लग्नांचे फोटो काढतो, आणि तिच्यासमोर लग्न हा शब्द काढत नाही. आणि आता तिला पुन्हा सांगायचं... की लग्न नाही."

मामा खिळ्यांच्या खणांपाशी स्टुलावर बसला होता. त्याला ऐकू कमी येतं, पण हवं तेवढं बरोबर येतं.

"चूक छापली गेली तर दुरुस्तीपत्रक काढायचं," तो म्हणाला. "हातपाय गाळून बसायचं नाही."

चार ओळींचं पत्रक, आठ माणसांना. एरवी मी दहा मिनिटांत जुळवलं असतं. आम्हाला चार दुपारी लागल्या.

पहिल्या दुपारी फोटोग्राफरनं मजकूर लिहून आणला. "'काही अपरिहार्य कारणास्तव विवाह रद्द करण्यात येत आहे.'"

"रद्द म्हटलं की काहीतरी घडलंय असं वाटतं. आत्या काय घडलं ते विचारत गावभर फिरेल."

"बरं. 'सदर विवाह मुळात नव्हताच.'"

"ही कोर्टाची नोटीस झाली."

"'पत्रिका केवळ नमुन्यादाखल होती.'"

"डॉक्टरांना वाटेल, त्यांनाच नमुना म्हटलंय."

"मग तुम्हीच सांगा."

"मी फक्त जुळवते. सांगायचं काम तुमचं."

दुसऱ्या दुपारी त्याला खिळे कुठल्या खणात असतात ते शिकायचं होतं. मी दाखवलं. तो एकेक खिळा उचलून उजेडाला धरायचा.

"सगळी अक्षरं उलटी आहेत..."

"आरशातली. छापल्यावर सुलटी होतात."

"आणि तुम्ही ती अशीच वाचता?"

"सवय आहे."

"मग मी आत्ता काय विचार करतोय, तेही वाचता येत असेल."

"छापील असेल तर."

त्यानं कॅमेरा काढून माझ्या हातांचा फोटो घेतला. मी हात मागे घेतले.

"हात कसले काढताय? अंगठ्याला शाई लागलीय."

"म्हणूनच," तो म्हणाला.

तिसऱ्या दुपारी तो पाच वाजेपर्यंत आला नाही. मी एकच ओळ दोनदा जुळवली आणि दोनदा मोडून खिळे खणात टाकले. मामानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काहीही बोलला नाही. त्याचं हे न बोलणं अख्ख्या छापखान्याला ऐकू जातं. सव्वापाचला फोटोग्राफर धापा टाकत आला. कुठल्याशा साखरपुड्यात अडकला होता, आणि दहा मिनिटांनी त्याला पुन्हा तिथंच जायचं होतं. म्हणजे तो दहा मिनिटांसाठी आला होता.

"फोन करायचा ना," मी म्हटलं.

"फोनवर... खिळे दिसत नाहीत."

मला तो आवडला होता. हे मी इथं सरळ लिहून टाकते, कारण त्या दुपारी स्वतःशीसुद्धा ते सरळ म्हटलं नव्हतं. पण एवढं कळत होतं की पत्रक पोस्टात पडलं की त्याला छापखान्यात यायचं कारण उरणार नाही. आणि त्याच्या आईला, एकदा एकशे ऐंशी वेळा बोलून झालेलं वाक्य आता वाचावं लागणार. ते वाक्य खिळा-खिळा करून मीच जुळवणार होते. चारशे लग्नांत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती.

चौथ्या दुपारी तो आला तेव्हा टपाल नुकतंच पडलं होतं. वरचंच कार्ड उचललं आणि मी ते त्याच्यापुढे धरलं. त्यानं वाचलं, आणि माझ्याकडे परत दिलं. 'येणार' वर खूण. शेजारी 'एकटी'. आणि खाली, जागा पुरली नाही म्हणून कडेनं वर चढत गेलेलं अक्षर :

'पत्ता लिहिणाऱ्या मुलीस. त्याला फोन करून झाल्यावर फीत सोडून पाहिली. खाली कोरं आहे, म्हणजे काहीतरी चुकून आलं हे तेव्हाच कळलं. पण तुझं अक्षर आवडलं. लग्न नसलं तरी मी येईन, जेवण असेल तर. आणि त्याला सांग, या वेळी फोन करायला लागले तर निम्मे त्यानं करावेत.'

तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. कान लाल झाले होते.

"कांदा?" मी विचारलं.

"कांदा," तो म्हणाला.

त्यानंतर मजकूर पाच मिनिटांत झाला. तो सांगत गेला, मी कागदावर उतरवत गेले.

'चुकून पत्रिका गेली.
आमचं लग्न ठरलेलं नाही.
त्या रविवारी जेवण मात्र आहे.
जरूर यावं.'

"आमचं?" मी पेन थांबवलं.

"नाहीतर लोक विचारतील, कुणाचं म्हणून," तो जरा जास्तच घाईनं म्हणाला.

मी खिळे जुळवले. 'आमचं' जुळवायला इतर शब्दांपेक्षा जास्त वेळ लागला, त्याचं खापर मी खणातल्या उजेडावर फोडलं. ओळी चौकटीत बसवल्या, आणि आवळणार इतक्यात फोन वाजला. आत्या. जेवणात काय आहे हे तिला आत्ताच्या आत्ता हवं होतं. मागच्या अंगणात जाऊन मी तिला समजावलं की लग्न नाही. ती म्हणाली, ते कळलं, पण गोड काय आहे?

परत आले तेव्हा मामानं चौकट आवळून प्रूफ काढलं होतं. हातात पेन्सिल घेऊन तो मोठ्यानं वाचत होता. प्रूफ तो नेहमी मोठ्यानं वाचतो, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"'चुकून पत्रिका गेली.' बरोबर. 'आमचं लग्न अजून ठरलेलं नाही.'" मामा थांबला. मूळ कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा प्रुफाकडे. "'अजून' हा शब्द मूळ प्रतीत नाही. कुणी घातला?"

फोटोग्राफर खिळ्यांच्या खणांना पाठ लावून उभा होता, अन् त्यानं दोन्ही हात मागे लपवले होते.

"शिवाय त्यातला 'न' उलटा बसलाय," मामा म्हणाला. "म्हणजे आमच्या पोरीचं काम नव्हे."

"मामा," तो म्हणाला. चार दिवसांत तोही त्याला मामा म्हणायला लागला होता. "मी... म्हणजे मला..."

"मला काय सांगतोस? मी प्रुफं तपासतो. मजकूर ज्याचा, त्यानं ठरवायचं." मामा माझ्याकडे वळला आणि त्यानं पेन्सिल प्रुफावर टेकवली. "ठेवायचा की काढायचा?"

हा प्रश्न मामानं मला हजारदा तरी विचारला असेल. स्वल्पविरामांविषयी, आडनावांविषयी, कुणाच्या तरी काकांच्या पदव्यांविषयी. उत्तर द्यायला मला कधी वेळ लागलेला नाही.

"काढला तरी चालेल," फोटोग्राफर जमिनीकडे बघत म्हणाला. "ओळही लांब झालीय... मी आपलं सहज... म्हणजे सहज नाही..."

"किती लांब झालीय?" मी विचारलं.

"इंचभर," मामा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. हात अजून पाठीमागे होते, आणि डाव्या बुटाची नाडी सुटली होती.

"राहू दे," मी म्हटलं.

"काय?" मामानं कानामागे हात धरला.

"राहू दे!" मी ओरडले. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला.

"ओरडतेस कशाला," मामा म्हणाला. त्यानं शब्दावर बारीकशी खूण केली, पेन्सिल कानावर ठेवली आणि नको तेवढ्या सावकाश चालीनं चहा टाकायला आत निघून गेला.

ट्रेडलचं चाक थांबलेलं होतं. मी चौकट सैल केली आणि चिमटा घेतला. उलटा 'न' उचलून सुलटा बसवला. मग ओळीत शब्दांमध्ये बसवलेल्या रिकाम्या पट्ट्या बारीक करत गेले, त्या शब्दाला जागा होईल इतक्या. तो शेजारी येऊन उभा राहिला. हात आता पुढे होते, बोटं काळीकुट्ट.

"म्हणजे..." तो म्हणाला. "तुम्ही खरंच... ठेवणार?"

माझा हात थरथरत होता. त्यानं ते पाहिलं, आणि मी ते लपवलं नाही.

"माझ्या उजेडात उभा आहेस तू," मी म्हटलं. "इंचभर सरक."

"तू?" त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "सरकतो की. डावीकडे की उजवीकडे?"

"इकडे," मी म्हटलं.